गरगर... गर... गप्प!

पंख्याला मुहूर्त बरोबर कळतो. डिसेंबरात तो कधी कुरकुर करत नाही (करणार कसा, बंदच असतो!). पण एप्रिल संपत आला, खिडकीतून गरम वाफा यायला लागल्या, रविवारची रात्र आहे आणि सोमवारी सकाळी प्रेझेंटेशन आहे, की पठ्ठ्या बरोबर रुसतो. गरगर... गर... गप्प. आपण अंधारात डोळे उघडून वर बघतो. तीन पाती ढिम्म.

पुढचा सीन तुम्हाला पाठ आहे. स्विच चारदा वर-खाली. रेग्युलेटर पाचवर, मग एकवर, परत पाचवर. पलंगावर उभं राहून झाडूच्या दांड्याने पात्याला एक ढुशी. आणि शेवटी मोबाइल काढून ॲपवर इलेक्ट्रिशियनचं बुकिंग.

आपण सगळे शिकलेसवरलेले लोक. ऑफिसात कुणाची एक्सेल शीट हँग झाली, तर 'कधीपासून होतंय, त्याआधी काय केलं होतंस, मेसेज काय आला' असे दहा प्रश्न विचारतो. पंख्याला मात्र एकही नाही. डायरेक्ट निकाल, 'गेला!' अहो, पंखाही सांगत असतो, फक्त त्याला स्क्रीन नाही. तो झटकन थांबला की हळूहळू, घुमत थांबला की चिडीचूप, परत आपोआप सुरू झाला का, त्याच वेळी घरात आणखी काय चाललं होतं... निम्मं उत्तर यातच असतं. आणि हे उत्तर माहीत नसलं की आपण दोन चुकांमध्ये सापडतो. एक तर शंभर रुपयांच्या दुखण्याला अडीच हजारांचं औषध. नाहीतर याच्या बरोबर उलटं, म्हणजे खरोखर धोक्याच्या दुखण्याला 'एक थाप मार, होतो चालू' हा घरगुती इलाज. यातली पहिली चूक खिशाला लागते. दुसरीची गोष्ट पुढे येतेच आहे.

आधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, दहावीच्या पुढे जात नाही.

आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे हेलकावे खाते. या हेलकाव्यांनी पंख्याच्या मोटारीत जे चुंबकत्व तयार होतं, तेही नुसतं मागे-पुढे होतं. पाळण्यासारखं. पाळणा कितीही जोरात हलवा, तो गोल फिरत नाही. म्हणून पंख्यात एकाऐवजी दोन वाइंडिंग असतात आणि दुसऱ्याला वीज जरा वेगळ्या वेळी पोचवली जाते. आजीच्या घरी जातं पाहिलं असेल तर चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. एकीने ढकललं, की पाव फेरा पुढे दुसरीने हात लावायचा. दोघी एकाच क्षणी ओढायला लागल्या तर दळण झालंच! ही वेळेची गडबड न होऊ देण्याचं काम करतो तो कपॅसिटर. दुकानात गेलात तर त्याला सगळे 'कंडेन्सर'च म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, नाहीतर दुकानदार तुम्हाला कॉलेजातलं प्रोजेक्ट करणारा समजेल.

(जाता जाता एक गंमत. बहुतेक मोटारींत बाहेरचं कवच स्थिर असतं आणि आतला दांडा फिरतो. पंख्यात उलटं. आतला भाग छताला जखडलेला आणि बाहेरचं कवच पात्यांसकट गरगरतं. म्हणून वायरींना पीळ पडत नाही. इतकी वर्षं खाली झोपून वर बघतोय, पण हे लक्षात आलं होतं?)

तर हा कंडेन्सर. पंखा बंद पडण्याच्या खटल्यात पहिला संशयित हाच. स्विच टाकला, वरून बारीक 'हं...' असा आवाज येतोय, पण पाती हलत नाहीत. दांड्याने ढकललं की मात्र फिरायला लागतो. अशी लक्षणं असतील तर डोळे मिटून कंडेन्सरवर पैज लावा. आणि पुरावा हवा असेल तर हा घ्या. कंडेन्सर पूर्ण मेलेला असेल, तर पंखा ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला फिरतो. उलटा ढकललात तर उलटा! बिचाऱ्याला आपली दिशाच ठाऊक नसते, कारण दिशा सांगणारी दुसरी बाई जात्यावरून उठून गेलेली असते. हा प्रयोग एकदाच करायचा, हाताने नाही, आणि झाला की स्विच बंद. रोज दांडा मारून पंखा सुरू करत राहिलात, तर अडून बसलेली मोटार तापते आणि मग खरंच वाइंडिंग जळतं.

'पण काल रात्रीपर्यंत तर मस्त चालू होता!' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. असेलच. फिरत्या पंख्याचा कंडेन्सर गेला, तरी बहुतेकदा तो मंदावून का होईना, फिरत राहतो. वेग आधीच आलेला असतो, त्यावर गाडी चालते. मग कधीतरी अर्धा तास लाइट जातात, परत येतात, फ्रिज सुरू होतो, टीव्ही सुरू होतो आणि पंखा गप्प. आपण महावितरणला शिव्या घालतो, 'लाइट आले तेव्हा व्होल्टेज वाढलं असणार!' खरं तर पंखा आधीच आजारी होता, लाइट गेल्यामुळे नुसतं निदान झालं. तसंच रेग्युलेटर नेहमीच्या तीनवर असताना गेले दोन-तीन महिने तुम्ही तो नकळत चारवर, मग पाचवर नेला असेल, तर तेही कंडेन्सर हळूहळू कमजोर होत असल्याचं लक्षण.

नवीन कंडेन्सर शंभराच्या आत येतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ, आणि खरं तर कोपऱ्यावरचं कुठलंही इलेक्ट्रिकचं दुकान. जुना सोबत न्या. त्यावर आकडे छापलेले असतात. घरगुती मोठ्या पंख्यात, म्हणजे १२०० मिलिमीटर फेऱ्याच्या, साधारणपणे २.५ मायक्रोफॅरॅडचा असतो, पण प्रत्येक पंख्यात तोच असेल असं नाही. जो आकडा जुन्यावर असेल तोच घ्यायचा. काही हौशी मंडळी मोठ्या आकड्याचा बसवतात, 'वारा जास्त लागतो' म्हणून. थोडे दिवस लागतोही. आणि वाइंडिंग जास्त करंट खाऊन तापत राहतं.

बसवायचा कुणी? माझं स्पष्ट मत आहे, ज्याला येतं त्यानेच. यूट्यूबवर दोन मिनिटांचा व्हिडिओ असतो आणि त्यात सगळं फार सोपं दिसतं. पण त्या व्हिडिओत कुणी ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीवर चढलेलं नसतं. (हसू नका, मी पाहिलंय.) करायचंच असेल तर नुसता भिंतीवरचा स्विच बंद करून भागत नाही, डीबीतला मेन खाली ओढा. कारण वायरिंग करणाऱ्याने फेजऐवजी न्यूट्रल स्विचमधून फिरवलेली असेल, तर स्विच बंद असतानाही वरच्या वाटीत फेज जिवंत असते. टेस्टरवरही डोळे झाकून विश्वास नको. आधी चालू सॉकेटमध्ये घालून तो पेटतोय का बघा, मग मेन बंद करून पंख्याकडे वळा. टेस्टरच मेलेला असेल, तर तो तुम्हाला सगळं सुरक्षित असल्याचंच सांगणार. आणि काढलेल्या कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना बोटं लावायची नाहीत, त्यात चार्ज शिल्लक राहू शकतो.

दुसरा संशयित रेग्युलेटर. याची परीक्षा फुकट आहे. हल्लीच्या बऱ्याच टप्प्याटप्प्याच्या रेग्युलेटरमध्ये पाच नंबरवर पंख्याला सरळ वीज जाते, मधे काही अडथळा नसतो. पंखा पाचवर झकास पळतोय आणि एक ते चारवर मरगळतोय किंवा थांबतोय, म्हणजे पंख्याला माफ करा, गुन्हेगार भिंतीवर आहे. बदलून टाका, विषय संपला.

बेअरिंगचं निदान कानाने होतं. मेन बंद करून स्टुलावर चढा आणि पातं हलकेच फिरवा. चांगला पंखा बराच वेळ गुपचूप फिरत राहतो. आत वाळू दळल्यासारखा आवाज आला किंवा फेरा अडखळला, तर बेअरिंगचं ग्रीस सुकलंय. असा पंखा सुरू व्हायला जास्त जोर मागतो, तापतो आणि उन्हाळ्यात मान टाकतो. चढलाच आहात, तर दोन गोष्टी आणखी बघून या. वरच्या दांड्याचे नट-बोल्ट घट्ट आहेत ना आणि बोल्टमधून आरपार घातलेली ती छोटी वाकवलेली पिन जागेवर आहे ना. पंखा डुलतोय म्हणून आपण जाहिरातीतल्यासारखं हसतो, पण त्याचं वजन डोक्यावर टांगलेलं असतं.

आणि कधी कधी पंख्यात काहीच बिघडलेलं नसतं. मे महिन्यातली रात्र, सोसायटीत सगळ्यांचे एसी धडाधड सुरू, आणि व्होल्टेज बसतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० व्होल्टच्या जागी १८० आले, तर व्होल्टेज कमी झालं साधारण पाचवा हिस्सा, पण जोर उरतो जेमतेम ६१ टक्के. नवा पंखा मंदावतो, म्हातारा पंखा सुरूच होत नाही. त्याला रात्री अकराला बघाल तर आजारी, सकाळी सातला बघाल तर ठणठणीत. बिल्डिंगमधल्या दुसऱ्या कुणाला विचारा, 'तुमचा पंखा कसा चाललाय?' प्रश्न वेडगळ वाटेल, पण पैसे वाचतील.

नव्या बीएलडीसी पंख्यांचं प्रकरण मात्र निराळं. साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, हे पंखे तिशीच्या आसपास भागवतात. दिवसाला बारा तास धरले, तर महिन्याला एका पंख्यामागे सोळाएक युनिटं वाचतात, पुढचा गुणाकार तुमच्या बिलातल्या दराने तुम्हीच करा. १ जानेवारी २०२३पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं, तेव्हापासून दुकानात यांचीच चलती आहे. पण त्यांच्या पोटात इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. इथे तो 'हं...' आवाज ऐकून कंडेन्सर बदलायची विद्या चालत नाही. आधी रिमोटचे सेल बदला. मग भिंतीवरचा स्विच मिनिटभर बंद ठेवून परत टाका. आणि भिंतीवर जुना रेग्युलेटर तसाच जोडलेला असेल तर तो काढून टाकायला सांगा, या पंख्याचं आणि त्याचं पटत नाही. यापुढे वॉरंटी कार्ड शोधणं आलं.

आता आपण येऊ या पंख्याच्या सगळ्यात वाईट सवयीकडे. थांबतो आणि थोड्या वेळाने आपला आपण सुरू होतो! याला लोक 'मूडी' म्हणतात आणि खूश होतात, कारण खर्च येत नाही. माझ्या मते पूर्ण बंद पडलेला पंखा परवडला, पण हा नको.

आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये गेल्या उन्हाळ्यात हेच सुरू झालं. पंखा रूममेटच्या खोलीतला. ती हिंजवडीच्या एका कंपनीत आहे, क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस रात्री घरूनच काम. दहाच्या सुमारास कॉल सुरू व्हायचा आणि अकराच्या आसपास पंखा गप्प. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मग कधीतरी आपोआप सुरू. तिने यावर उपायही शोधला होता. स्विचबोर्डावर तळहाताने एक थाप मारायची, की पंखा चालू. आम्ही त्याला 'वन टच टेक्नॉलॉजी' म्हणत होतो.

ॲपवरून इलेक्ट्रिशियन बोलावला. मुलगा तरुण, युनिफॉर्ममध्ये, शूजवर कव्हर चढवून आला. पंख्याचा कंडेन्सर बदलला. त्या रात्री पंखा थांबला नाही. तिसऱ्या रात्री थांबला. परत आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, वाइंडिंग गरम होऊन कट मारतंय. नवीनच घ्या, अडीच-तीन हजारांत चांगला मिळेल." त्याचंही अगदीच चूक नव्हतं. वाइंडिंग तापून पंखे थांबतात, काहींच्या आत तापलं की वीज तोडणारा कट-आउटही असतो. पण त्याने बघितला तो फक्त पंखा.

नवीन पंखा ऑर्डर करण्याआधी गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या वायरमन काकांना विचारून बघू, असं ठरलं. काका आले ते टेस्टर, पक्कड आणि खिशात काळ्या टेपचं रीळ घेऊन. वर बघितलंच नाही त्यांनी. खुर्ची ओढून बसले आणि रूममेटला विचारलं,

"ताई, पंखा थांबतो तेव्हा आणखी काय काय थांबतं?"

"काहीच नाही काका. ट्यूब चालू असते."

"आणि खाली ह्या प्लगला काय लावता?"

"लॅपटॉप. पण त्याचा चार्जरच बिघडलाय. मधेच चार्जिंग बंद होतं. नवीन मागवलाय, कालच आला."

काका हसले. "आणि ही किटली?"

किटली म्हणजे आपली नेहमीची, पाणी उकळलं की टक्कन बंद होणारी. रात्रीच्या कॉलला कॉफी हवी म्हणून खोलीतच ठेवलेली, त्याच बोर्डाच्या त्याच सॉकेटला. काकांनी ती उलटी करून तळाचं स्टिकर वाचलं. १५०० वॅट. सॉकेट सहा अँपिअरचं. १५०० भागिले २३०, साडेसहा अँपिअर. चार मिनिटांत एक लिटर पाणी उकळतं आणि तेवढ्या वेळात त्या बोर्डातून पंख्याच्या जवळजवळ वीसपट करंट जातो.

"चहा टाका," काका म्हणाले. आम्हाला वाटलं, त्यांना चहा हवाय!

किटली उकळली, टक् झाली, पंखा फिरत होता. काका दुधाचे भाव, पालखीची तयारी, असं काहीबाही बोलत बसले. सात-आठ मिनिटांनी पंखा मंदावला आणि थांबला. ट्यूब लख्ख चालू. काकांनी पंख्याचा स्विच तसाच चालू ठेवला आणि खालच्या सॉकेटच्या फेजच्या भोकात टेस्टर घातला. पेटला. मग न्यूट्रलच्या भोकात घातला.

तिथेही पेटला.

"न्यूट्रल तुटलीय," काका म्हणाले. "फेज पंख्यातून फिरून इकडं येऊन बसलीय. हे बंद पडलेलं सॉकेट दिसतंय ना तुम्हाला? ह्याच्या दोन्ही बाजूंना करंट आहे आत्ता."

इतके दिवस ज्याला आम्ही बंद पडलेलं सॉकेट समजत होतो, त्याच्या निरुपद्रवी वाटणाऱ्या भोकातही २३० व्होल्ट दबा धरून बसलेले. आणि वरून आमची थाप.

मेन बंद करून बोर्ड उघडला. ट्यूबची न्यूट्रल वेगळी आली होती, म्हणून ती कधीच गेली नाही. पंखा आणि सॉकेट यांची न्यूट्रल मात्र एकच आणि ती बोर्डाच्या मागे नुसती पीळ देऊन, वर टेप गुंडाळून जोडलेली. आधीच्या भाडेकरूंनी कॉटसाठी बोर्ड दोन फूट सरकवून घेतला होता, तेव्हा वायर अपुरी पडली असणार. तो जोड काकांनी बोटांनी उचलला, तर टेपचा कडक पापुद्रा होऊन गळून पडला. आतलं तांबं काळंठिक्कर. वायरीचं प्लास्टिक इंचभर मागेपर्यंत वितळून घट्ट झालेलं. लाकडी बोर्डाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा तपकिरी डाग. जवळ नाक नेलं तर जळका वास अजून होता.

सैल जोडातून जास्त करंट गेला की तो तापतो, तापला की तांबं फुगतं, थंड होताना आकसतं आणि दर वेळी पीळ आणखी थोडा सैल होतो. कधी सुटतो, कधी थापेने परत चिकटतो. किटलीने तापवायचं आणि पंख्याने थांबायचं, असा हा कारभार. नवीन पंखा घेतला असता, तर तो याच जोडावर टांगला गेला असता. आणि नवीन चार्जरही.

मी विचारलं, "पण मग एमसीबी का नाही पडला?" काकांना हा प्रश्न बहुतेक रोज विचारला जात असावा. एमसीबी पडतो तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट गेला तर, नाहीतर शॉर्ट झालं तर. इथे वरचा एमसीबी दहा अँपिअरचा, जातायत साडेसहा-सात. त्याच्या हिशेबाने सगळं आलबेल. एका टिचभर जोडात आग धुमसतेय, हे त्याला दिसत नाही. अर्थिंगमध्ये गळती नाही, म्हणून आरसीसीबीलाही पत्ता नाही. ज्या दोन पहारेकऱ्यांच्या भरवशावर आपण निवांत झोपतो, ते दोघेही या चोराला ओळखत नाहीत. तो दिसतो फक्त अशा फालतू गोष्टींतून. पंखा मूडी होणं, चार्जिंग मधेच बंद होणं, ट्यूब उगाच लुकलुकणं, बोर्डाचा एक कोपरा हाताला कोमट लागणं. कोमट बोर्ड आणि जळका वास असेल तर सकाळची वाट बघायची नाही. मेन बंद करून गॅलरीत झोपायचं. डास परवडले.

काकांनी जळकी वायर मागेपर्यंत छाटून टाकली, नवीन वायर ओढली, जोड स्क्रूच्या कनेक्टरमध्ये घट्ट बसवला, सॉकेट बदललं. दीड तासाचं काम. किटलीची बदली स्वयंपाकघरातल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर झाली.

आता बिलाचा प्रश्न. भाड्याच्या घरात हा नेहमीच नाजूक विषय. ॲग्रीमेंटमध्ये 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे' असं एक गोड वाक्य असतं आणि किरकोळ म्हणजे काय, हे डिपॉझिट परत घ्यायच्या दिवशी कळतं. काका जोड फेकायला निघाले होते, मी तो मागून घेतला. कागदावर ठेवून फोटो काढला, शेजारी उघडा बोर्ड, तपकिरी डाग दिसेल असा, आणि घरमालकीण काकूंना व्हॉट्सॲपवर पाठवला. सोबत काकांचं बिल. तुम्हीही असंच करा. दुरुस्तीच्या आधीचा फोटो नसेल, तर काळी पडलेली वायर ही फक्त तुमच्या तोंडची गोष्ट असते.

काकूंचा दहा मिनिटांत फोन आला. कागदाला एक एक रुपयाचा हिशेब लावणाऱ्या बाई, आम्ही वाद घालायच्या तयारीत होतो. त्यांनी आधी विचारलं, "मुलींनो, कुणाला शॉक नाही ना बसला?" मग म्हणाल्या, "हे बघा, पंखा, कंडेन्सर तुम्ही बघायचं. भिंतीतलं माझं." आणि दुसऱ्या दिवशी त्याच काकांना पाठवून त्यांनी बाकीच्या खोल्यांचे बोर्ड उघडून घेतले. हॉलच्या बोर्डात तसाच आणखी एक पिळाचा जोड निघाला. तो अजून काळा पडला नव्हता.

रूममेटचा नवा चार्जर खोक्यातून काढलाही नव्हता. रिटर्नची मुदत संपायला दोन दिवस होते. कुरिअरवाला घ्यायला आला, तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, परत करायचं कारण काय लिहू?" ती म्हणाली, "लिहा, पंखा दुरुस्त झाला."